केसाची साक्ष

‘केसानें गळा कापणें’ हा वाक्प्रचार आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलों आहों. गोड बोलून विश्वासघात करणाऱ्या मनुष्यास तो लावतात, आणि त्यांतील केस हा केवळ अलंकार आहे अशी आमची आजपर्यंत समजूत होती. परंतु एका मनुष्याच्या डोक्यावरून गळलेला केस दुसऱ्या मनुष्याच्या गळ्याशीं खरोखरच येऊन भिडूं शकतो, आणि तेंही कोणाच्या मनांत कपट नसतां, हें जेव्हां आमच्या वाचनांत आलें, तेव्हां या क्षुल्लक वस्तूचा इतिहास थोडा मुळापासून पाहावा असें वाटलें.

या वाचनास निमित्त घरांतच घडलें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या पुतण्यानें आपल्या एका अध्यापकांकडून सूक्ष्मदर्शक यंत्र चार दिवसांच्या बोलीनें घरीं आणलें. पहिल्या दिवशीं कांद्याचा पापुद्रा आणि हौदांतलें पाणी पाहून झालें. दुसऱ्या दिवशीं पाळी केसांवर आली. कृति अगदीं सोपी आहे. काचेच्या पट्टीवर ग्लिसरिनाचा एक थेंब टाकावा, त्यांत केसाचा नखाएवढा तुकडा आडवा ठेवावा, वर पातळ काच झांकावी आणि खालून उजेड सोडावा. नुसत्या डोळ्यांना जो एक काळा दोरा दिसतो, तो चारशेंपट मोठा होतांच पिंगट, अर्धपारदर्शक अशा वेळूच्या कांडासारखा दिसूं लागतो. बाहेरच्या अंगास अत्यंत पातळ खवल्यांचें कवच असतें. मंगलोरी कौलें जशीं एकावर एक चढवितात, तसे हे खवले चढविलेले असून त्यांची मोकळी कड नेहमीं केसाच्या शेंड्याकडे असते. (म्हणूनच केस मुळाकडून शेंड्याकडे चिमटींतून ओढला तर गुळगुळीत लागतो आणि उलट ओढला तर किंचित् अडखळतो, वाचकांनीं हा प्रयोग यंत्राशिवायही करून पाहावा.) खवल्यांच्या आंत केसाचा मुख्य भाग, आणि त्यांत रंगाचे बारीक कण विखुरलेले; आणि मधोमध गाभा. हा गाभा एका केसांत अखंड रेघेसारखा असतो, दुसऱ्यांत तुटक असतो, तर तिसऱ्यांत मुळींच नसतो.

आमचा स्वतःचा एक पांढरा केस आम्हीं मोठ्या कुतूहलानें यंत्राखालीं धरला. त्यांत रंगाचे कण जवळजवळ नव्हतेच. उलट, त्याच्या पोटांतून एक काळी रेघ गेलेली दिसली. गाभ्यांत हवा भरलेली असली म्हणजे खालून येणारा उजेड ती अडविते आणि गाभा काळा दिसतो, असा खुलासा पुतण्यानें केला. पांढऱ्या केसाच्या पोटांत काळें असावें, यावर घरांतील मंडळींनीं आमच्या खर्चानें जो विनोद केला तो येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. नंतर मांजरीचा केस ठेवला. त्याचा प्रकारच निराळा. खवले पाकळ्यांसारखे टोंकदार, आणि गाभा एवढा रुंद कीं केस म्हणजे सगळा गाभाच. मनुष्याच्या केसांत गाभा केसाच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून सहसा कमी असतो. बहुतेक जनावरांत तो निम्म्याहून अधिक भरतो. केस मनुष्याचा कीं जनावराचा, हा प्रश्न यंत्राच्या साह्यानें सोडवितां येतो तो मुख्यतः या फरकावरून.

मनुष्याच्या डोक्यावरील केसाची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते. इतकी बारीक असूनही डोळ्यांना दिसणारी, आणि शिवाय प्रत्येकाजवळ फुकट असणारी वस्तु दुसरी कोणती? त्यामुळें सूक्ष्मतेचें माप म्हणून केसाचा उपयोग करण्याची कल्पना दूरदूरच्या देशांतील लोकांस सुचली यांत नवल नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत परमाणूपासून अंगुळापर्यंत आठ-आठ पटींची जी चढती माळ दिली आहे, तींत वालाग्र, म्हणजे केसाचें टोंक, ही एक पायरी आहे. आठ वालाग्रांची एक लिक्षा, म्हणजे लीख. आठ लिखांची एक यूका, म्हणजे ऊ. आठ उवांचा एक यव, आणि आठ यवांचें एक अंगुळ. केसाच्या शेजारीं केसांतल्या रहिवाशांसही कोष्टकांत मानानें बसविणाऱ्या त्या आचार्यांच्या निरीक्षणाचें आम्हांस कौतुक वाटतें. हिशेब केला तर वालाग्र म्हणजे अंगुळाचा ४०९६ वा भाग. अंगुळ पाऊण इंचाचें धरल्यास तो मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतका येतो. डोक्यावरच्या केसाच्या जाडीहून हें माप दहा ते वीस पट बारीक आहे. पण आचार्यांनीं केसाचें टोंक म्हटलें आहे, केस म्हटलेला नाहीं.

सतराव्या शतकांत हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानेंही असेंच केलें. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबांतील जीव पाहून त्यांच्या आकाराची कल्पना लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळवावयाची, तर जवळ दुसरें माप नव्हतें. तेव्हां त्यानें वाळूचा कण, केस आणि उवेचा डोळा यांच्याशीं त्यांची तुलना केली. केस पुन्हां उवेच्या शेजारीं बसला.

त्याच्या थोडें आधीं, १६६५ सालीं, रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील पिसवेचें भलेंमोठें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. पण त्याच ग्रंथांत केसांवरही एक प्रकरण आहे. हूकनें आपल्याच डोक्यावरचे केस तपासले. ते बहुतेक गोल असून कांहीं किंचित् कोनदार आहेत, मुळाकडचा भाग काळसर पारदर्शक शिंगासारखा दिसतो, मूळ हें एखाद्या निमुळत्या कंदासारखें आहे, आणि फाटलेला शेंडा काठीचें टोंक ठेंचल्यावर जसें विसकटतें तसा दिसतो, असें त्यानें नमूद केलें. केस नळीसारखा पोकळ असावा अशी कल्पना असल्यास ती त्यानें पाहून खोडून काढली; केस भरीव आहे, असें तो म्हणतो. या वर्णनांतील एक गुण आम्हांस फार आवडला. जें दिसलें तें उपमा देऊन सांगावें आणि तेथेंच थांबावें, ही त्याची रीत. केस कसा असतो एवढाच हूकचा प्रश्न होता. केस कोणाचा आहे हें त्यानें विचारलें नाहीं. तें विचारणारे लोक पुढें झाले, आणि खरा घोटाळा तेथून सुरू झाला.

पहिला घोटाळा अमेरिकेंत झाला. फिलाडेल्फिया शहरांत पीटर ब्राऊन नांवाचा एक वकील होता. त्याला केसांचा मोठा नाद. वॉशिंग्टनपासूनच्या अध्यक्षांच्या केसांपासून तों मेंढ्यांच्या लोंकरीपर्यंत त्यानें जो संग्रह केला, तो त्याच शहरांतील निसर्गशास्त्र-मंदिरांत पुढें सुरक्षित राहिला. केस आडवा कापून त्याचा छेद पाहिला तर तो कांहींचा गोल, कांहींचा लंबगोल आणि कांहींचा चपटा असतो, हें त्याला दिसलें, आणि तें खरेंही आहे. परंतु १८५० च्या सुमारास त्यानें या तीन आकारांवरून मनुष्यजातीच्या तीन निरनिराळ्या जाती पाडल्या: गोल केस अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा, लंबगोल गोऱ्यांचा आणि चपटा आफ्रिकी लोकांचा. आफ्रिकी मनुष्याच्या डोक्यावर केस नसून लोंकर असते, असेंही त्यानें प्रतिपादिलें. ज्या देशांत त्या वेळीं लक्षावधि आफ्रिकी लोक गुरांप्रमाणें विकले जात होते, त्या देशांत त्यांना मेंढ्यांच्या पंक्तीस बसविणारा हा सिद्धांत कोणाच्या सोयीचा होता, हें सांगावयास नको. एकाच मनुष्याच्या डोक्यावर गोल आणि लंबगोल असे दोन्ही प्रकारचे छेद सांपडतात. ब्राऊननें जी काटेकोर सीमा आंखली ती केसांत नव्हती.

आश्चर्य असें कीं, ब्राऊनचा सिद्धांत मागें पडला तरी त्याच्या तीन कप्प्यांची संवय गेली नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकन प्रयोगशाळांतील तज्ज्ञ गुन्ह्याच्या जागीं मिळालेला केस प्रथम ‘कॉकेसॉइड’, ‘मंगोलॉइड’ किंवा ‘नीग्रॉइड’ या तिहींपैकीं एका नांवाखालीं घालीत आणि मग पुढची तपासणी करीत.

यूरोपांत केसाचा प्रवेश न्यायालयांत झाला तो मात्र अधिक शहाणपणानें झाला होता. १८६१ सालीं जर्मनींतील एका खुनाच्या खटल्यांत आरोपीजवळ सांपडलेले केस मृत व्यक्तीच्या केसांशीं जुळतात किंवा नाहीं, असा प्रश्न रुडॉल्फ फिर्खो यांस विचारण्यांत आला. पेशींच्या शास्त्राचे आद्य आचार्य म्हणून त्यांची कीर्ति तेव्हां यूरोपभर होती. त्यांनीं एक शब्द उच्चारला असता तर तो कोणी खोडला नसता. परंतु त्यांनीं दिलेल्या अभिप्रायाचा आशय असा होता कीं, केस त्या व्यक्तीच्या केसांसारखे आहेत. मात्र त्यांत असें कोणतेंही खास लक्षण नाहीं कीं ज्यावरून ते तिच्याच डोक्यावरचे होत असें खात्रीनें म्हणण्याचा अधिकार कोणास पोंचावा. सारखेपणा निराळा आणि एकपणा निराळा, हा विवेक या विषयाच्या आरंभींच एका थोर पुरुषानें करून ठेविला होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढची हकीकत वाचतांना ती उपयोगी पडेल.

फिर्खोनंतर अर्धशतकानें पॅरिसमध्यें केसाचें भाग्य उघडलें. १९०९ सालीं झेर्मेन बिशों नांवाच्या तरुण स्त्रीचा खून झाला. तिच्या बोटांत केस अडकलेले होते. न्यायवैद्यकाचे अध्यापक बाल्थाझार यांनीं ते तपासून ते मृत स्त्रीचे नसून दुसऱ्या एका स्त्रीचे आहेत असें सांगितलें. तपासाला दिशा मिळाली, रोझेला रूसो या बाईच्या केसांशीं ते जुळले, आणि पुढें तिनें गुन्हा कबूल केला. पुढच्याच वर्षीं बाल्थाझार व त्यांच्या सहकारी मार्सेल लांबेर यांनीं मनुष्याच्या व जनावरांच्या केसांवर ग्रंथ लिहिला. १९३१ सालीं ग्लेस्टर या स्कॉटिश वैद्याचा असंख्य छायाचित्रांनीं भरलेला ग्रंथ कैरो येथें निघाला. आपल्याकडे मोदींच्या न्यायवैद्यकावरील पाठ्यपुस्तकानें, ज्याची पहिली आवृत्ति १९२० ची आहे, वैद्यांच्या व वकिलांच्या कित्येक पिढ्यांना केसांची ही परीक्षा शिकविली. केस मनुष्याचा कीं जनावराचा, डोक्याचा कीं शरीराच्या दुसऱ्या भागाचा, आपोआप गळलेला कीं उपटलेला, कापलेला कीं जळालेला, रंगविलेला कीं नैसर्गिक, इतक्या प्रश्नांचीं उत्तरें यंत्र बऱ्याच भरंवशानें देतें. आपोआप गळलेल्या केसाचें मूळ सोट्याच्या बोंड्यासारखें वाळलेलें असतें. वाढता केस ओढून काढला तर मुळाशीं ओल्या पेशींचें आवरण येतें. झटापट झाली कीं नाहीं, हें एवढ्यावरून कळूं शकतें. पॅरिसच्या प्रकरणांतही केसानें दिशा दाखविली आणि कबुलीनें खातरी केली, हें विसरतां कामा नये. पण लोकांच्या लक्षांत राहिला तो केस.

मग केस कोणाचा, याचें उत्तर यंत्र कां देऊं शकत नाहीं? पुस्तकांतून याचीं कारणें वाचण्यापूर्वींच आम्हांस त्याचा अनुभव आला होता. यंत्र परत करण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें आपल्या दोन बहिणींचे आणि आमच्या सौभाग्यवतींचे मिळून वीस केस वीस पट्ट्यांवर ठेविले आणि प्रत्येकीचा एकेक नमुना निराळा दाखवून कोणता केस कोणाचा तें ओळखा म्हणाला. आम्ही दोन तास घालविले, कागदावर गाभ्याचीं चित्रें काढलीं, रंगाच्या कणांची दाटी मोजण्याचा आव आणला, आणि मोठ्या गंभीरपणें निकाल दिला. वीसांपैकीं आठ चुकले. धाकटीच्या कानशिलाजवळचा बारीक केस आम्हीं थोरलीचा ठरविला, आणि सौभाग्यवतींच्याच दोन केसांना दोन निरनिराळ्या बायकांचे केस ठरवून बसलों, कारण एकांत गाभा अखंड होता आणि दुसऱ्यांत अजिबात नव्हता. एकाच डोक्यावरचे दोन केस एकमेकांहून भिन्न असूं शकतात, आणि दोन डोक्यांवरचे दोन केस हुबेहूब सारखे असूं शकतात. शिवाय अमुक प्रकारचा केस शंभर माणसांत किती जणांच्या डोक्यावर असतो, याची गणती कधीं कोणीं केलेली नाहीं. तेव्हां सारखेपणा दिसला तरी त्याची किंमत काय, हें ठरविण्यास आधार उरत नाहीं. आमच्या चुकीनें घरांत चार दिवस हंशा पिकला. ज्यांच्या चुकीनें हंशा पिकत नाहीं, अशा ठिकाणीं काय झालें तें आतां सांगावयाचें आहे.

१९७८ च्या जुलैमध्यें अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें एका टॅक्सीचालकाचा गोळी घालून खून झाला. मारेकऱ्यानें तोंडावर बायकी मोजा ओढलेला होता. तो मोजा जवळच पडलेला सांपडला व त्यांत तेरा केस मिळाले. सांटे ट्रिबल या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलावर आळ आला. घटकेला तो घरीं होता, अशी साक्ष त्याच्या माणसांनीं दिली. उलट एफ्. बी. आय्. या मध्यवर्ती तपासखात्याच्या तज्ज्ञानें तेरांपैकीं एक केस सर्व सूक्ष्म लक्षणांत त्याच्या केसाशीं जुळतो असें शपथेवर सांगितलें. सरकारी वकील त्याच्याही पुढें गेले. हा केस दुसऱ्या कोणाचा असण्याचा संभव कोटींत एक असेल, असें त्यांनीं पंचांपुढें सुचविलें. हा कोटीचा आंकडा कोठून आला? कोठूनही नाहीं, कारण वर सांगितल्याप्रमाणें अशी गणतीच अस्तित्वांत नव्हती. पंचांनीं १९८० मध्यें त्यास दोषी ठरविलें, आणि वीस वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा झाली.

दरम्यान शास्त्र पुढें जात होतें. केसाच्या मुळाशीं पेशी असल्या तर त्यांतून मनुष्याची पूर्ण ओळख पटविणारें डीएनए मिळतें. मूळ नसलेल्या नुसत्या केसांतूनही आईकडून मुलांस येणारें मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढतां येतें. तें एका आईच्या सर्व लेंकरांत सारखेंच असल्यामुळें ‘हाच तो’ असें सांगत नाहीं. पण ‘हा तो नव्हे’ हें पक्केंपणीं सांगतें. १९९६ पासून एफ्. बी. आय्. नें ही परीक्षा सुरू केली. २००२ मध्यें त्याच खात्याच्या शास्त्रज्ञांनीं आपल्या जुन्या कामाची झडती घेतली. सूक्ष्मदर्शकाखालीं जुळलेल्या ८० केसांपैकीं ९ केस डीएनएप्रमाणें भलत्याच माणसाचे निघाले. नवांतला एक जुळत नाहीं असें हें प्रमाण पडतें. आमच्या आठ चुकांपेक्षां हें खूपच बरें, यांत शंका नाहीं. पण फांसावर जाणाऱ्यास त्याचें समाधान काय?

२००९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनें या शास्त्राच्या पायाविषयीं स्पष्ट शंका घेतली. नंतर खात्यानेंच जुन्या खटल्यांची तपासणी हातीं घेतली, आणि २० एप्रिल २०१५ रोजीं तिचा पहिला निकाल जाहीर झाला. ज्या २६८ खटल्यांत केसांची साक्ष आरोपीविरुद्ध वापरली गेली होती, त्यांपैकीं २५७ खटल्यांत तज्ज्ञांनीं शास्त्राच्या बाहेरचीं विधानें केलीं होतीं. त्यांत देहांताची शिक्षा झालेले ३५ आरोपी होते. ३३ जणांच्या बाबतींत साक्ष सदोष होती. नऊ जणांना तोंवर मृत्यूची शिक्षा देऊनही झाली होती. हे सर्वच निरपराध होते असें याचा अर्थ नव्हे. कित्येकांविरुद्ध दुसरा पुरावा होता. परंतु २८ तज्ज्ञांपैकीं २६ जणांनीं ही मर्यादा ओलांडली, तेव्हां ती एखाद्या लबाड माणसाची गोष्ट राहत नाहीं. हे लोक खोटें बोलत नव्हते. त्यांनीं यंत्रांत जें पाहिलें तें बहुधा खरेंच पाहिलें. फिर्खो जेथें थांबले तेथें हे थांबले नाहींत, इतकेंच.

आपल्या देशांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ४५ व्या कलमानें तज्ज्ञाच्या मतास न्यायालयांत जागा दिली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तेंच ३९ वें कलम झालें. दोन्हीकडे शब्द ‘मत’ असा आहे. निकाल देण्याचें काम न्यायाधीशाचें. तज्ज्ञानें मत द्यावयाचें. पण पांढरा डगला घातलेला मनुष्य यंत्राच्या आधारानें बोलूं लागला कीं मताचा निकाल केव्हां होतो हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं, आणि बोलणाऱ्यासही कळत नसावें.

ट्रिबलची हकीकत मात्र येथें संपत नाहीं. २०१२ सालीं मोज्यांतील ते तेरा केस शोधून त्यांची डीएनए-परीक्षा करण्यांत आली. एकही केस ट्रिबलचा नव्हता. त्या तेरांपैकीं एक तर कुत्र्याचा निघाला. केस मनुष्याचा कीं जनावराचा, हा या शास्त्राचा पहिला धडा, आणि त्यांतलें सर्वांत भरंवशाचें उत्तर. तेंही त्या प्रयोगशाळेंत चुकलें होतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यायालयानें ट्रिबल निर्दोष असल्याचें जाहीर केलें. तोंपर्यंत त्याचीं मिळून २८ वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. २०१६ मध्यें शहरानें त्यास १ कोटि ३२ लक्ष डॉलर भरपाई द्यावी असा हुकूम झाला. २०२० सालीं तो वारला.

हें सर्व आम्हीं पुतण्यास पत्रानें कळविलें, तेव्हां उलट टपालीं त्याचें उत्तर आलें. आमच्या गल्लींतल्या पिंगट कुत्र्याचा एक केस त्यानें शेवटच्या दिवशीं गंमत म्हणून पट्टीवर ठेविला होता, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. गाभा जाड, जवळजवळ निम्म्या केसाएवढा. ओळखावयास एक मिनिटही लागलें नाहीं, असें त्यानें लिहिलें होतें.